माटुंगा पूर्वेची खाद्यभ्रमंती: रांग, शिरा आणि वीस मिनिटांचे टेबल

माटुंगा स्टेशनच्या पूर्वेला उतरून भांडारकर रस्ता, तेलंग रस्ता आणि भाऊ दाजी रस्ता असे वळत वळत किंग्ज सर्कलपर्यंत चालत गेले, तर हे अंतर पंधरा मिनिटांच्या आतच संपते. रुईया महाविद्यालयात शिकत असल्यापासून, म्हणजे सुमारे तीस वर्षांपासून, मी या रस्त्यांवर येत आहे आणि एवढ्या काळात हे अंतर मला एकदाही पंधरा मिनिटांत पार करता आलेले नाही. गेल्या महिन्यात पुण्याहून भाची राहायला आली होती. ‘मामा, कमी पैशांत चांगले खायला कुठे मिळेल ते दाखवा, पण शेवटी गोड पाहिजे,’ अशी तिची स्पष्ट अट होती. त्या निमित्ताने एका रविवारी सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत आणि नंतर एका साध्या वारी संध्याकाळी आम्ही हा सगळा पट्टा पुन्हा पालथा घातला. पुढील मजकूर त्या दोन फेऱ्यांवर आणि जुन्या सवयीवर बेतलेला आहे.

माटुंग्यातील ‘स्वस्त’ या शब्दाचा अर्थ आधी समजून घेतला पाहिजे. येथे पदार्थांचे दर गाडीवरच्या वडापावाइतके कमी नाहीत. दोन माणसांनी इडली, डोसा, एखादी गोड बशी आणि कॉफी एवढे घेतले तर चारशे रुपयांच्या आसपास बिल होते. मात्र तेवढ्या पैशांत मिळणाऱ्या खाण्याचा दर्जा मुंबईतील दुप्पट महाग उपाहारगृहांतही सहसा सापडत नाही. ही किंमत परवडण्याजोगी राहते ती एका न लिहिलेल्या करारामुळे: तुम्ही रांगेत उभे राहायचे, अनोळखी माणसांबरोबर टेबल वाटून घ्यायचे, काय हवे ते लगेच सांगायचे, खायचे आणि उठायचे. एका टेबलावर दर वीस मिनिटांनी नवी माणसे बसली, तर मालकाला प्रत्येक बशीवर थोडाच नफा ठेवूनही चालते. ज्याला हा करार मान्य नाही, ज्याला निवांत गप्पा मारत बसायचे आहे, त्याने या हॉटेलांच्या वाटेला न जाणेच बरे. मला स्वतःला तो मान्य आहे, तरीही त्याची एक कटू बाजू आहेच; तिच्याकडे मी पुढे वळणार आहे.

या वस्तीत इतकी दाक्षिणात्य हॉटेले एकवटली, त्याचे कारण शहराच्या इतिहासात आहे. 1896 च्या प्लेगनंतर मुंबईची दाटी कमी करण्यासाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर, माटुंगा, वडाळा, शीव या भागात आखीव रस्त्यांच्या नव्या वसाहती उभ्या राहिल्या. कचेऱ्यांत नोकरीला आलेली दक्षिणेकडील कुटुंबे त्या काळातील नव्या इमारतींत राहायला आली. त्यांच्यामागून एकट्या राहणाऱ्या नोकरदारांना जेवू घालणारी खानावळ आली आणि खानावळीमागून उडुपी हॉटेल आले. भांडारकर, तेलंग, भाऊ दाजी ही एकोणिसाव्या शतकातील आपल्या विद्वानांची नावे. त्यांच्या पाट्यांखाली मोगऱ्याचे गजरे, केळीची पाने आणि रसमचा वास असा शेजार गेली ऐंशी-नव्वद वर्षे नांदतो आहे.

आमची सुरुवात भांडारकर रस्त्यावरील राम आश्रयपासून झाली. 1939 साली सुरू झालेले हे हॉटेल पहाटे पाच वाजता उघडते आणि रविवारी सात वाजता आम्ही पोहोचलो, तेव्हा बाहेर पंधरा-वीस माणसे आधीच उभी होती. त्यांत माटुंग्याच्या ‘फाइव्ह गार्डन्स’मध्ये, म्हणजे पाच उद्यानांत, फेऱ्या मारून आलेले पायांत कॅनव्हासचे बूट घातलेले आजोबा होते, रात्रपाळी संपवून आलेली दोन मुले होती आणि देवळातून थेट आलेले, कपाळावर भस्माचे ओले पट्टे असलेले एक गृहस्थ होते. रांग वेगाने सरकते. आत गेल्यावर भिंतीवरील फलक वाचावा, वेटर टेबलाजवळ पोहोचेपर्यंत मनाशी निर्णय पक्का करावा आणि तो थांबला की एका दमात सगळे सांगून टाकावे. भाचीने ‘तुमच्याकडे काय चांगले आहे?’ असे विचारले, तेव्हा वेटरने तिच्याकडे क्षणभर पाहिले, अकरा पदार्थांची नावे एका श्वासात म्हटली आणि उत्तराची वाट पाहत पेन्सिल वहीवर टेकवून ठेवली. त्यात उद्धटपणा नव्हता. बाहेर वीस माणसे उभी आहेत एवढेच त्याच्या लक्षात होते.

येथील तुप्पा डोसा आवर्जून मागवावा. तुप्प म्हणजे कन्नडमध्ये तूप. हा डोसा कुरकुरीत कागदासारखा नसतो. कडेला तांबूस आणि मधे मऊ राहतो आणि तो तोडताना तुपाचा वास वाफेबरोबर वर येतो. उपमा अगदी साधा असतो, वरून थोडी शेव घातलेली असते. घरोघरी उपमा होत असताना तो बाहेर कोण मागवतो, असे मला वाटत असे. येथे मात्र अर्ध्या टेबलांवर तोच दिसतो. रवा मोकळा राहूनही कोरडा न पडणे ही घरी दहांतून दोनदा जमणारी गोष्ट येथे रोज शेकडो बशांमध्ये जमते. सांबार किंचित गोडसर असते. तमिळ पद्धतीच्या झणझणीत, चिंचेच्या सांबाराची सवय असलेल्यांना ते फिके वाटेल, परंतु आमटीत गुळाचा खडा टाकणाऱ्या आपल्या घरांना ही उडुपी चव पहिल्या घासालाच ओळखीची वाटते. मुंबईतील मराठी माणूस इतक्या लवकर उडुपी हॉटेलांचा झाला, त्यात या गुळाचा वाटा मोठा असावा, असा माझा जुना समज आहे.

भाचीच्या अटीची पूर्तता येथेच सुरू झाली, कारण राम आश्रयचा शिरा हा या संपूर्ण पट्ट्यातील सर्वांत चांगला गोड पदार्थ आहे, असे माझे मत आहे. येथे शिऱ्याचा स्वाद दिवसागणिक बदलतो. कधी अननस, कधी आंबा, कधी आणखी एखादे फळ. आम्हाला अननसाचा मिळाला. लहान स्टीलच्या बशीत वाटीने पाडलेली मूद होती, तिच्या तळाशी तुपाची पातळ कड सुटलेली होती आणि चमचा घातल्यावर रव्याच्या दाण्यांमध्ये अननसाचे खरे तंतू दिसत होते. अनेक ठिकाणी अननसाच्या नावाखाली केवळ इसेन्स आणि पिवळा रंग असतो. येथे फळाचा आंबटपणा जिभेला लागतो आणि त्यामुळे शेवटचा घासही पहिल्यासारखाच खाववतो. सत्यनारायणाच्या प्रसादाच्या शिऱ्यात केळे असते, साखर भरपूर असते आणि श्रद्धाही असते. या शिऱ्याला श्रद्धेचा आधार लागत नाही. एक बशी दोघांना पुरते. आम्ही दुसरी मागवली, हा भाग वेगळा.

तेथून निघाल्यावर भूक लागेपर्यंत फुलबाजारातून हिंडावे, केळ्याचे वेफर्स गरम तेलातून निघताना पाहावेत आणि शक्य झाल्यास पाव किलो विकत न घेता पुढे जावे. मला ते शक्य झाले नाही.

सर्कलजवळील कॅफे मद्रास हे या वस्तीतील सर्वांत प्रसिद्ध ठिकाण आहे आणि त्याची गर्दीही तशीच आहे. 1940 मध्ये उडुपीकडच्या गोपाळ कामत यांनी ते सुरू केले. दारातील माणसाकडे नाव आणि माणसांची संख्या सांगून ठेवायची आणि तो हाक मारेपर्यंत पदपथावर उभे राहायचे. रविवारी अकरा वाजता आमचा क्रमांक लागायला पाऊण तास गेला. साध्या वारी संध्याकाळी दहाच मिनिटे लागली. सुट्टीच्या दिवशी येथे येण्याचा हट्ट धरू नये, एवढाच सल्ला मी देईन, कारण पाऊण तास उन्हात उभे राहिल्यावर माणसाची अपेक्षा इतकी वाढते की कोणताही डोसा तिला पुरा पडत नाही. पदार्थ मात्र उत्तम आहेत. रसम वड्यातील वडा रसम पिऊन फुगलेला असतो, पण लगदा होत नाही. नाचणीचा डोसा गडद, किंचित खरबरीत आणि पोटभरीचा असतो, तर पोडी इडलीवर लोणी आणि भरड चटणी सढळ हाताने घातलेली असते.

तरीही येथे मी मुख्यतः नीर डोशासाठी येतो. तांदूळ भिजवून वाटायचा, पीठ आंबवायचे नाही, पाण्यासारखे पातळ करून तव्यावर टाकायचे आणि एकाच बाजूने शिजवायचे, ही त्याची रीत. मालवणकडील माणसाला हे वर्णन ऐकून घावण आठवेल आणि ते बरोबरच आहे. कोकणचा किनारा कारवारच्या पुढे कर्नाटकात शिरला तरी तव्यावरचा पदार्थ फारसा बदलत नाही. सोबत ओले खोबरे आणि गूळ कालवून दिला जातो. भाचीने तो चमच्याने खायला सुरुवात केली होती. मी तिला डोशाच्या घडीत तो भरून, गुंडाळून, हाताने खायला सांगितले, तेव्हा तिला आजीच्या पातोळ्यांची आठवण झाली. हळदीच्या पानाचा वास तेवढा नव्हता, बाकी चव तीच होती. जेवणानंतरचे गोड म्हणून ज्यांना केक-पेस्ट्री अपेक्षित असते, त्यांना हा पदार्थ फार साधा वाटेल. माझ्या दृष्टीने ज्याला गोड हवे आहे, पण गोडाने तोंड बसायला नको आहे, त्याच्यासाठी याहून चांगली निवड या रस्त्यांवर दुसरी नाही.

दुपारच्या जेवणासाठी पुन्हा स्टेशनकडे परतावे लागते, कारण ए. रामा नायक यांचे उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग स्टेशनला लागून असलेल्या मंडईच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर आहे. रामा नायक यांनी 1936 मध्ये कॅफे मैसूर आणि 1942 मध्ये हे बोर्डिंग सुरू केले. जिन्याने वर गेल्यावर गल्ल्यावर कूपन घ्यायचे आणि बाकावर बसून आपल्या वेळेची वाट पाहायची. केळीच्या पानावरचे हवे तेवढे जेवण महाग पडते आणि मर्यादित थाळी स्वस्त पडते. ज्याला खरोखर भूक आहे, त्याने पानावरच बसावे. पान धुऊन पुसूनच येते, तरीही जुनी मंडळी त्यावर पाणी शिंपडून हात फिरवतात. मग वाढपी एकामागून एक येऊ लागतात: कोशिंबीर, दोन भाज्या, पुरी किंवा पोळी, पापड, भात, सांबार, रसम, ताक. भाताच्या ढिगात बोटांनी खळगा करून रसम घ्यावे लागते, नाहीतर ते पानावरून ओघळते. माझ्या समोर बसलेल्या माणसाने एकही थेंब न सांडता सलग तीन वेळा रसम भात खाल्ला आणि शेवटी पान स्वतःकडे दुमडून तो उठला. या कसबासाठी काही वर्षांचा सराव लागतो. माझ्या शर्टाच्या बाहीला त्याचा पुरावा लागलेला होता.

पंगतीच्या शेवटी येणारे पायसम रोज सारखे नसते. आमच्या वाट्याला शेवयांचे आले. ते बरे होते, त्याहून अधिक नव्हते. दुधाला आणखी थोडे आटवायला हवे होते. मात्र ताक इतके चांगले होते की गोडाची उणीव भासली नाही. भाचीचे मत वेगळे पडले: तिने माझी वाटीही संपवली. आग्रह करून वाढण्याची लग्नाच्या पंगतीतील रीत येथे पैसे मोजूनही मिळते, हे या जागेचे खरे आकर्षण आहे. वाढपी दुसऱ्यांदा भात घेऊन येतो, तेव्हा ‘नको’ म्हणण्यासाठी दोन्ही हात पानावर आडवे धरावे लागतात.

किंग्ज सर्कलजवळचे इडली हाऊस लहान आहे आणि तेथे डोसा मागण्याचा प्रश्नच येत नाही. फणसाच्या पानांच्या द्रोणात उकडलेली इडली खाण्यासाठी जावे. पानाचा वास इडलीत उतरलेला असतो आणि कारवार-गोव्याकडील सारस्वतांना तो सणाच्या सकाळची आठवण करून देतो. कॅफे मैसूरमध्ये आमचे केवळ कॉफीवर भागले, त्यामुळे त्याविषयी अधिक लिहिणे न्याय्य होणार नाही. सर्कलच्या कोपऱ्यावरील कूलर अँड कंपनी हे 1932 पासूनचे इराणी हॉटेल या सर्व शाकाहारी शेजारात ऑम्लेट आणि बन मस्का देत टिकून आहे. माटुंग्यात निवांत बसायचे असेल, तर मी तेथे जातो. चहाचा एक कप पुढे ठेवून अर्धा तास बसले तरी कोणी बिल आणून आपटत नाही. बन मस्का चहात बुडवून खाणे यालाही गोड पदार्थांच्या यादीत जागा द्यावी, असा आग्रह मी भाचीकडे धरला होता. तिने तो फेटाळला. रुईयाच्या परिसरातील डीपीज, म्हणजे दुर्गा परमेश्वरी, हे विद्यार्थ्यांचे ठिकाण आहे. तेथे चायनीज आणि शेजवान डोसा एकाच दमात मागवले जातात. आमच्या काळी एकांकिकांच्या तालमी संपल्यावर पाच जणांच्या खिशांतील सुटे पैसे टेबलावर ओतून काय परवडते ते ठरत असे. आजही ती मुले तशीच बसलेली दिसली, मोजणी तेवढी फोनवर चालली होती.

आता त्या कटू बाजूविषयी. संध्याकाळच्या फेरीत एका गजबजलेल्या हॉटेलात, ज्याचे नाव येथे घेत नाही, कॉफी अर्धी व्हायच्या आतच बिलाची चिठ्ठी बशीखाली सरकवली गेली आणि आमच्या खुर्च्यांच्या मागे पुढचे कुटुंब येऊन उभे राहिले. शेजारी एक वृद्ध बाई एकट्या जेवत होत्या. दात नसल्यामुळे त्यांना वेळ लागत होता आणि वेटर दर दोन मिनिटांनी ‘और कुछ?’ असे विचारत होता. शेवटी त्यांनी अर्धी इडली तशीच टाकून हात धुतले. टेबल वीस मिनिटांत मोकळे करण्यावर स्वस्ताई उभी आहे हे मान्य करूनही, चाळीस खुर्च्यांच्या हॉटेलात दोन खुर्च्या संथ जेवणाऱ्यांसाठी सोडल्या तर धंदा बुडणार नाही, असे मला वाटते. वयस्कर माणसांना घेऊन जायचे असेल, तर जेवणाच्या ऐन वेळा टाळून जावे. तेव्हा गर्दी ओसरलेली असते आणि वेटरही माणसांशी बोलतात. शिवाय साप्ताहिक सुट्टीचा वार आधी पाहून घ्यावा. यातील काही ठिकाणे सोमवारी बंद असतात, हे मी बंद शटरसमोर उभा राहून शिकलो आहे. गणेशोत्सवात किंग्ज सर्कलच्या जीएसबी सेवा मंडळाच्या गणपतीच्या दर्शनाला येणाऱ्यांनी तर त्या पाच दिवसांत येथे टेबल मिळण्याची आशा धरूच नये.

स्वतंत्र मिठाईघर किंवा आधुनिक ‘डेझर्ट’चे दुकान शोधत कोणी आला, तर त्याला हा परिसर अपुरा वाटण्याची शक्यता आहे. आइस्क्रीमची दुकाने आहेत, पाच उद्यानांच्या बाहेर बर्फाचा गोळा मिळतो. पण त्यांपैकी कशासाठीही दुसऱ्या उपनगरातून मुद्दाम यावे, असे मी म्हणणार नाही. माटुंग्यातील गोड हे जेवणाच्याच ताटात, तिखटाच्या शेजारी असते. त्यामुळे एका हॉटेलात नाश्ता आणि दुसऱ्यात गोड अशी विभागणी न करता, प्रत्येक ठिकाणी एक तिखट आणि एक गोड बशी वाटून घेणे अधिक फायद्याचे ठरते. पोटही साथ देते आणि खर्चही आवाक्यात राहतो. दोन्ही फेऱ्या मिळून, पानावरच्या जेवणासह आणि त्या अनावश्यक वेफर्ससह, आमच्या दोघांचा खर्च दोन हजार रुपयांच्या आत राहिला.

परतताना मी नेहमीप्रमाणे मैसूर कन्सर्न्समध्ये कॉफी पावडर घेण्यासाठी थांबलो. तेथे बिया समोर दळून मिळतात आणि चिकोरी किती टक्के घालायची, हे गिऱ्हाइकाला विचारले जाते. चिकोरी अजिबात नसलेली कॉफी अधिक शुद्ध खरी, परंतु दूध घालून पिणाऱ्याला ती पातळ लागते. वीस टक्के चिकोरी असली की काढा दाट उतरतो आणि दवऱ्यातून, म्हणजे पेल्याखालच्या पसरट वाटीतून, पेल्यात ओतताना फेस टिकतो. मी वीस टक्के सांगितले. भाचीने चिकोरी मुळीच नको म्हणून स्वतःसाठी वेगळे अर्धा पाव बांधून घेतले आणि गाडीत दोन्ही पुड्या एकाच पिशवीत ठेवल्या. घरी पोहोचल्यावर कोणती कोणाची, हे आम्हा दोघांनाही सांगता येईना.